गोदेचा उगम, विश्वाचा उगम

गेल्या श्रावणात पंचवटीत आमच्या घरी सत्यनारायण होता. गुरुजींनी आचमन करायला लावून संकल्प सुरू केला, तेव्हा शेजारी मांडी घालून बसलेल्या भाच्याने (यंदा दहावीला आहे) कानाशी येऊन विचारलं, "मामा, गुरुजी एवढं लांबलचक काय म्हणतायत? पत्ता सांगतायत का?"

पोरगं नेमकं बोललं. संकल्प हा पत्ताच असतो, फक्त तो सगळ्यात मोठ्या गोष्टीपासून सुरू होतो. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा दुसरा अर्धा भाग, त्यातला श्वेतवाराह कल्प, त्यातलं वैवस्वत मन्वंतर, त्यातलं अठ्ठाविसावं युगचक्र, त्यातलं कलियुग, त्याचा पहिला चरण. मग जागा येते: जंबुद्वीप, भरतखंड, दंडकारण्य आणि गोदावरीचा काठ. आमच्याकडे गुरुजी 'उत्तरे तीरे' म्हणतात. पूल ओलांडून जुन्या नाशकात मावशीकडे गेले की तेच गुरुजी 'दक्षिणे तीरे' म्हणतात. पुढे शालिवाहन शक, तिथी, वार, गुरू कुठल्या राशीत आहे ते, आणि अगदी शेवटी यजमानाचं गोत्र आणि नाव. काळाच्या एवढ्या पसाऱ्यातून खाली उतरत उतरत आपण पाटावर येऊन बसतो.

प्रसादाचा शिरा खाताना त्याने पुढचा प्रश्न टाकला. "पत्ता ब्रह्मदेवापासून सुरू होतो, ठीक आहे. पण त्याच्या आधी काय होतं?"

तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला घरच्या पूजेत हा प्रश्न विचारला की पंचाईत होते. 'बिग बँग' म्हणावं तर तो लगेच विचारणार, त्याच्या आधी काय? 'ब्रह्म' म्हणावं तर विचारणार, म्हणजे काय? म्हणून उत्तर द्यायचं सोडून पुढच्या रविवारी त्याला ब्रह्मगिरीवर घेऊन गेलो.

त्र्यंबकेश्वर नाशिकपासून तीसेक किलोमीटर. ब्रह्मगिरीच्या पायऱ्या चढून माथ्यावर गेलं की एका लहान देवळात पाणी दाखवतात: हा गोदावरीचा उगम. डोंगराच्या अंगावरच गंगाद्वार आहे, तिथे गोमुखातून धार पडते: हाही उगमच. खाली गावात कुशावर्त, जिथे गौतम ऋषींनी दर्भाने नदीला अडवलं असं सांगतात आणि सिंहस्थात जिथे स्नानं होतात. आणि नदी म्हणून वाहताना ती धड दिसते ती आणखी खाली, चक्रतीर्थापाशी. मधल्या टप्प्यांत पाणी खडकात गडप होतं आणि दुसरीकडे वर येतं. खडक दख्खनचा काळा बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. नदी त्यामानाने कालची.

"चार-चार उगम कसे असतील? एक काहीतरी ठरवा ना," भाचा म्हणाला. दम लागला होता, चिडलाही होता.

ठरवायचं ते काय विचारायचं हे. पाणी पहिल्यांदा कुठे दिसतं, हा एक प्रश्न. त्या पाण्याला नदी कुठपासून म्हणायचं, हा दुसरा. तो डोंगराबद्दल कमी आणि 'नदी' या शब्दाबद्दल जास्त आहे. आणि मुळात हे पाणी आलं कुठून, असं विचारलं तर डोंगर सोडून ढगात आणि समुद्रात जावं लागतं, कारण माथ्यावरचा झराही पावसाचाच. विश्वाच्या उगमावर वाद घालणारी माणसं बहुतेक वेळा हेच करत असतात: एकजण गंगाद्वाराबद्दल बोलतो, दुसरा ढगाबद्दल, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा चुकतोय.

आधी धार धरून वर चढू, म्हणजे विज्ञानाच्या वाटेने.

कपड्याला लावतात ती इलॅस्टिकची पट्टी घ्या. तिच्यावर एकेक सेंटीमीटरवर शाईने खुणा करा आणि एका सेकंदात ती ताणून दुप्पट करा. कुठलीही एक खूण 'आपली' माना. शेजारची खूण एक सेंटीमीटर लांब गेली, पाचवी पाच सेंटीमीटर. म्हणजे जी जितकी लांब, ती तितक्या वेगाने दूर. गंमत अशी की कुठल्याही खुणेवर बसलात तरी हेच दिसतं, आणि पट्टीचा मध्य कोणीच नसतो. १९२९ साली अमेरिकेच्या एडविन हबल यांनी दीर्घिकांबद्दल, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांबद्दल, हेच मांडलं: जितकी लांबची दीर्घिका, तितक्या वेगाने ती आपल्यापासून दूर जाते. दोन वर्षं आधी, १९२७ मध्ये, बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांतून प्रसरण पावणारं विश्व गणिताने काढलं होतं, आणि त्याआधी १९२२ मध्ये रशियाच्या अलेक्झांडर फ्रिडमन यांनीही. लमेत्र भौतिकशास्त्रज्ञ होते आणि कॅथलिक धर्मगुरूही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ही फिल्म उलटी फिरवा. सगळं जवळ येत जातं, दाटत जातं, तापत जातं. आजच्या मोजमापांनुसार सुमारे १३८० कोटी वर्षं मागे गेलं की विश्व कल्पनेपलीकडे दाट आणि तप्त होतं. यालाच बिग बँग म्हणतात. मराठीत आपण 'महास्फोट' म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. स्फोट म्हटलं की डोळ्यांसमोर फटाका येतो: मोकळी जागा, मधे ठिणगी, चहूकडे उडणारे तुकडे. इथे मोकळी जागाच आधी नव्हती. जागाच ताणली जातेय, त्या इलॅस्टिकसारखी. हे नाव दिलं तेही या कल्पनेच्या विरोधकाने. फ्रेड हॉइल यांनी १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवरच्या एका भाषणात तो शब्द वापरला आणि तो चिकटला.

पण झालं असेल असं मानायचं का? पुरावा काय? पुरावा कबुतरांच्या विष्ठेशी झगडताना सापडला. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन एका मोठ्या रेडिओ अँटेनावर काम करत होते. अँटेना कुठेही वळवली, दिवस असो की रात्र, एक बारीक खरखर काही जाईना. आत कबुतरांनी घरटं केलं होतं. कबुतरं हाकलली, विष्ठा खरवडली, तरी खरखर तशीच. ती विश्वाच्या बाल्यावस्थेतून येत होती. सुरुवातीची ३ लाख ८० हजार वर्षं विश्व इतकं तप्त होतं की प्रकाशाला मोकळं फिरता येत नव्हतं, दाट धुक्यात दिव्याचा उजेड अडकावा तसं. मग ते निवलं, अणू तयार झाले, धुकं फिटलं आणि प्रकाश सुटला. तो अजून प्रवास करतोय. विश्वाबरोबर ताणला जाऊन आता तो उणे २७० अंश सेल्सियसच्या आसपासच्या गारठ्याचा मायक्रोवेव्ह झालाय. तुम्ही हे वाचताय त्या खोलीतल्या प्रत्येक घन सेंटीमीटरमध्ये त्याचे सुमारे चारशे कण या क्षणी आहेत. पेन्झियास-विल्सनना १९७८ चं नोबेल मिळालं. कबुतरांचं पुढे काय झालं ते फारसं छान नाही.

लांबचं बघणं म्हणजे जुनं बघणं, हे एकदा कळलं की दुर्बीण म्हणजे काळात मागे जायचं वाहन होतं. त्यासाठी फार लांब जायला नको. नाशिकहून पुण्याला जाणाऱ्या एसटीत नारायणगाव आलं की तिथून आत खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या डोक्यातून उतरलेल्या. २०२३ च्या सुरुवातीला या दुर्बिणीने टिपलेल्या एका दीर्घिकेच्या हायड्रोजनची बातमी आली. ती रेडिओ लहर निघाली होती ८८० कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा पृथ्वी नव्हती, सूर्यही नव्हता.

दुसरा पुरावा मला जास्त आवडतो, कारण तो ओंजळीत मावतो. पहिल्या काही मिनिटांत विश्व एखाद्या भट्टीसारखं होतं. किती वेळ तापेल, किती वेगाने निवेल, याचं गणित मांडलं तर वजनाने सुमारे ७५ टक्के हायड्रोजन आणि २५ टक्के हेलियम उरायला हवं. विश्वातल्या सगळ्यात जुन्या वायूत मोजलं तर प्रमाण तेच निघतं. म्हणजे रामकुंडात उतरून ओंजळ भरली, तर त्या पाण्यातल्या हायड्रोजनचे प्रोटॉन विश्वाच्या पहिल्या सेकंदातले असतात. ऑक्सिजन तसा नवा. तो नंतर कुठल्यातरी ताऱ्याच्या पोटात शिजला. तीर्थाच्या पाण्याबद्दल कोणी काहीही म्हणो, एवढं मी खात्रीने सांगतो.

तर विज्ञानाची वाट इथपर्यंत पक्की आहे. पहिला सेकंद, पहिली तीन मिनिटं, ३ लाख ८० हजार वर्षं, दीर्घिका, तारे, आपण. त्याच्याही मागे जात राहिलं की दशांश चिन्हानंतर ४२ शून्यं आणि मग एक, साधारण इतक्या सेकंदापाशी पायवाट संपते. तिथे आइन्स्टाइनचं गुरुत्वाकर्षण आणि सूक्ष्म कणांचं क्वांटम शास्त्र दोन्ही एकदम लागतं, आणि दोघांना एकत्र चालवणारा सिद्धांत अजून सिद्ध झालेला नाही. पाणी खडकात गडप होतं तसं. विश्व आज ज्याने भरलंय त्यातही आपल्या ओळखीचा पदार्थ फक्त ५ टक्के. सुमारे २७ टक्के कृष्णपदार्थ आणि ६८ टक्के कृष्णऊर्जा. यातली 'कृष्ण' ही नावं आपल्या अज्ञानाला दिलेली आहेत. त्यात देवाला शोधू नये.

"पण त्याच्या आधी?" भाचा हटत नव्हता.

एक शक्यता अशी की काळही तेव्हाच सुरू झाला. मग 'आधी' हा शब्दच निरर्थक ठरतो, ब्रह्मगिरीच्या माथ्यावर उभं राहून 'आता अजून वर कुठून जायचं?' असं विचारावं तसा. दुसरी शक्यता, आधीचं एखादं विश्व आकुंचन पावून पुन्हा फुललं. रॉजर पेनरोझ यांच्यासारखे मोठे गणिती वेगळ्या पद्धतीने, पण कल्पामागून कल्प असंच चित्र मांडतात. तिसरं उत्तर असं की शून्यातूनच हे उसळलं. यांतल्या कुठल्याच उत्तराला सूक्ष्म खरखरीसारखा पुरावा अजून मिळालेला नाही.

आणि त्या 'शून्या'पाशी थांबून मला थोडी तक्रार करायचीय. एकच शब्द तीन दुकानांत तीन वेगळे माल विकतो. गणितातलं शून्य, ज्याचे बेरीज-वजाबाकीचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये लिहिले, तो एक आकडा आहे. भौतिकशास्त्रातलं शून्य म्हणजे निर्वात पोकळी. पण त्या पोकळीत क्षेत्रं असतात, नियम असतात, सतत खळबळ असते. भांडं रिकामं आहे, पण भांडं आहे. आणि बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाची शून्यता म्हणजे 'काहीच नाही' असं मुळीच नाही. कुठलीही वस्तू स्वतःच्या बळावर, दुसऱ्या कशावरही न विसंबता अस्तित्वात नसते, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे 'शून्यातून विश्व' हे वाक्य कोणाच्या तोंडी आहे ते पाहिल्याशिवाय मान डोलवू नये.

इथून पुढे तत्त्वज्ञानाची हद्द. ती समजावायला मी भाच्याला तांबटांचं उदाहरण दिलं. जुन्या नाशकात तांब्या-पितळेच्या भांड्यांवर हातोड्याचे ठोके ऐकत मी मोठा झालो. तांब्याचा पत्रा आहे, तांबट आहे, आणि त्यातून घागर झाली. घागरीचं कारण कोण? आपली दर्शनं, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या शाखा, मुख्य कारणं दोन सांगतात: तांबं हे उपादान कारण, तांबट हे निमित्त कारण. आता पुढचा प्रश्न: घागर व्हायच्या आधी ती तांब्यात होती का? सांख्य म्हणतात, होती, अव्यक्त रूपात. ठोक्यांनी फक्त बाहेर आली, कारण जे नाहीच ते कधी होत नाही. वैशेषिक म्हणतात, छे, नव्हती. पत्र्यात पाणी भरता येत नाही, घागरीत येतं, म्हणजे काहीतरी नवीन झालं. आणि वेदान्ती म्हणतात, विश्वाच्या बाबतीत तांबं आणि तांबट वेगळे नाहीतच. मुंडक उपनिषदातला कोळी जसा स्वतःच्याच अंगातून धागा काढतो आणि परत गिळतो.

हे शब्दांचे खेळ वाटतात, पण आजच्या विश्वशास्त्राला हाच प्रश्न सतावतो. विश्व निसर्गनियमांनुसार उसळलं म्हटलं, तर ते नियम कुठे होते? पत्रा नसताना तांबटाने ठोके कशावर घातले? समीकरण कितीही सुंदर असलं तरी त्याने या प्रश्नाला हात लागत नाही. इथे दुर्बीण मदत करत नाही. नीट विचार करायला शिकावं लागतं, आणि आपल्याकडे ते शिकवणाऱ्यांची मोठी परंपरा आहे.

आपापसांत भांडणारी परंपरा, हेही सांगायला हवं. तैत्तिरीय उपनिषद म्हणतं: असद्वा इदमग्र आसीत्. आरंभी हे 'असत्' होतं, त्यातून 'सत्' झालं. छांदोग्यात उद्दालक आरुणी मुलाला, श्वेतकेतूला, सांगतो की काहीजण तसं म्हणतात खरे, पण 'कथमसतः सज्जायेत?' नसण्यातून असणं कसं जन्मेल? आरंभी सत् च होतं. मग तो त्याला वडाचं फळ आणायला लावतो, फोडायला लावतो, त्यातलं इवलंसं बीही फोडायला लावतो. काय दिसतं? काहीच नाही. त्या न दिसणाऱ्यातूनच हा एवढा वड उभा आहे, असं बाप सांगतो. पाच वडांवरून नाव पडलेल्या पंचवटीत राहून मी हे उदाहरण वर्गात कधी वापरलं नाही, याची आता जरा लाज वाटते.

आणि या सगळ्यांच्या वर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९ वं सूक्त, नासदीय सूक्त. फक्त सात ऋचा. तेव्हा असणं नव्हतं, नसणंही नव्हतं; अंतराळ नव्हतं, पलीकडचं आकाश नव्हतं. मृत्यू नव्हता म्हणून अमरत्वही नव्हतं. वाऱ्याशिवाय, स्वतःच्याच बळावर ते 'एक' श्वास घेत होतं. मग त्यात प्रथम इच्छा उपजली. इथवर कुठल्याही प्राचीन संस्कृतीची सृष्टिकथा वाटावी. पण कवी पुढे विचारतो, हे नक्की कोणाला ठाऊक? देव? ते तर या निर्मितीच्या नंतरचे. आणि शेवटची ओळ: परमव्योमात बसलेला जो याचा अध्यक्ष आहे, त्याला ठाऊक असेल, 'यदि वा न वेद', किंवा नसेलही. भाच्याने ही ओळ दोनदा म्हणायला लावली. "म्हणजे देवालापण माहीत नसेल, असं वेदात लिहिलंय?" हो, लिहिलंय.

नाशिकची एक गंमत अशी की यांतली वेगवेगळी मतं एकाच दिवसात स्कूटरवरून हिंडून भेटतात. मुंबई-आग्रा रस्त्यावर पांडवलेणी आहेत, सातवाहनांच्या काळातली बौद्ध लेणी, तीन नंबरच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा शिलालेख. तिथे ज्या बुद्धाची वाट चालली, त्याने विश्व अनादी आहे की त्याला सुरुवात आहे, अंत आहे की नाही, या प्रश्नांना उत्तरच दिलं नाही. मालुंक्यपुत्त नावाचा भिक्खू अडून बसला की याचं उत्तर द्या, नाहीतर मी चाललो. बुद्ध म्हणाले, विषारी बाण लागलेल्या माणसाने 'बाण कोणी मारला, त्याची जात कोणती, धनुष्य कसलं, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही' असा हट्ट धरला तर तो उत्तर मिळायच्या आधीच मरेल. दुसरीकडे म्हसरूळजवळच्या टेकडीवर जैनांचं गजपंथ. जैन दर्शनानुसार विश्व कोणी निर्माण केलेलंच नाही. ते अनादी आणि अनंत. जे आहे ते उपजतं, नष्ट होतं आणि टिकतं, तिन्ही एकाच वेळी, अशी 'सत्'ची व्याख्या तत्त्वार्थसूत्रात आहे. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगून 'सगळेच बरोबर' म्हणायची आपल्याला सवय आहे. पण ती गोष्ट सांगणाऱ्याला अख्खा हत्ती दिसलेला असतो, हे आपण विसरतो. विश्वाचा हत्ती अख्खा पाहिलेला कोण?

आता व्हॉट्सॲपकडे वळावंच लागेल. 'ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा, पृथ्वीचं वय ४५४ कोटी; आपल्या ऋषींना हे आधीच ठाऊक होतं' असा निरोप मला आठवड्यातून एकदा येतो, सोबत स्वित्झर्लंडच्या सर्न प्रयोगशाळेतल्या नटराजाचा फोटो. मूर्ती खरी आहे, भारताने २००४ मध्ये भेट दिलेली. आकडाही खरा: ४३ लाख २० हजार वर्षांचं एक महायुग, त्याची हजार पट. पण तो दिवस अजून संपलेला नाही. संकल्पातल्याच हिशोबाने, सहा मन्वंतरं उलटून सातव्यातलं अठ्ठाविसावं कलियुग चालू आहे, म्हणजे या कल्पाची सुमारे १९७ कोटी वर्षं गेली. ४५४ शी तुलना करायचीच तर या १९७ ची करा. आणि ब्रह्मदेवाची पन्नास वर्षं सरली म्हणतात, त्याची वर्षं होतात १,५५,५२,००० कोटी. १३८० कोटींशी याचा मेळ घाला पाहू! हे आकडे आकाश मोजून आलेले नाहीत, ते युगांच्या पटीतून आलेले आहेत. उलट गुरूच्या फेऱ्याचं पाहा. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षं लागतात, म्हणून साधारण बारा वर्षांनी सिंहस्थ येतो. २०१५ नंतरचा २०२६-२७ मधला. तिथे आपल्या पूर्वजांनी रात्र-रात्र बघून हिशोब ठेवलाय. ज्याला अभिमान हवा त्याने या बघण्याचा बाळगावा.

आता ते लमेत्र. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी एका भाषणात, विश्वाला आरंभ होता हे विज्ञानानेच दाखवलं, म्हणजे निर्मात्याला साक्ष मिळाली, अशा अर्थाचं सांगितलं. सगळ्यात अस्वस्थ झाले ते लमेत्र. ज्यांचा सिद्धांत आणि ज्यांचा धर्म, त्यांनाच हे पटेना. हा सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे पोपनी तो मुद्दा तसा पुन्हा मांडला नाही. लमेत्रांची भीती रास्त होती. वैज्ञानिक सिद्धांत उद्या बदलू शकतो. त्याच्या खुंटीला श्रद्धा टांगली की खुंटीबरोबर तीही खाली येते.

आपल्याकडे तर गोष्ट आणखी गमतीची आहे. बिग बँगला शेवटपर्यंत विरोध करणारे जयंत नारळीकर आपलेच, कोल्हापुरात जन्मलेले, हॉइल यांचे विद्यार्थी. विश्वाला आरंभच नाही, असं मांडणारा स्थिर स्थितीचा सिद्धांत हॉइल यांनी, आणि वेगळ्या लेखात बाँडी व गोल्ड यांनी, १९४८ मध्ये मांडला होता. नारळीकरांनी त्या दिशेने आयुष्यभर काम केलं, १९९३ मध्ये त्याचं सुधारित रूपही मांडलं, पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली आणि २०२५ च्या मे महिन्यात गेले. समजा त्यांचीच बाजू खरी ठरली असती, तर? तर तोच निरोप आला असता, फक्त त्यात जैनांचं आणि मीमांसकांचं नाव असतं: 'विश्व अनादी आहे हे आम्ही आधीच सांगितलं होतं.' उद्या पेनरोझ खरे ठरले तर कल्पवाले पुढे येतील, आणि सगळंच आभास ठरलं तर वेदान्ती. घड्याळजीच्या दुकानात बारा घड्याळं बारा वेगवेगळ्या वेळा दाखवत असतात. कधीही आत गेलात तरी एखादं बरोबर निघतंच. त्यावरून दुकानदाराला वेळ ठाऊक होती असं म्हणता येत नाही. मात्र बाराही तऱ्हेने विचार करून पाहणारी माणसं इथे होती, ही गोष्ट लहान नाही, आणि ती सांगायला सर्नच्या नटराजाची गरज नाही.

मग अध्यात्माचं काय उरलं? माझ्या मते बरंच. त्र्यंबकच्या गावातच निवृत्तिनाथांची समाधी आहे. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाट चुकलेल्या मुलाला गहिनीनाथ भेटले आणि त्यांनी जे दिलं ते निवृत्तिनाथांकडून ज्ञानेश्वरांकडे आलं, अशी परंपरा सांगते. त्या देण्याघेण्यात विश्वाचं वय कुठेही नाही. तिथला प्रश्न वेगळा आहे: हे सगळं ज्याला दिसतंय तो कोण? हायड्रोजन आणि ताऱ्यातला ऑक्सिजन मिळून पाणी झालं, हे समजतं. पण तेच अणू एकत्र येऊन 'त्याच्या आधी काय?' असं विचारू लागले, हे कसं झालं? मेंदूतल्या पेशींचं काम आज पुष्कळ कळलंय, पण त्यातून 'मला वाटतं' हे नेमकं कसं उगवतं यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. दर्शनांनी आणि संतांनी याचा शोध आतून घेतला. ध्यानाला बसून हेलियमचं प्रमाण कळणार नाही, आणि ज्यांनी ध्यान केलं त्यांनी तसा दावाही केला नव्हता. तो दावा त्यांच्या नावावर आपण खपवतो.

विज्ञान, तत्त्वज्ञान आणि अध्यात्म एकत्र आणा, असं हल्ली फार ऐकू येतं. त्यातल्या बहुतेकांना तिघांची उत्तरं एका भांड्यात ओतायची असतात. मला विचाराल तर तिघांचे प्रश्न शेजारी शेजारी बसवावेत. कुशावर्ताच्या चार बाजूंना चार घाटांवर बसलेली माणसं एकाच पाण्याकडे बघत असतात, पण कोणी दुसऱ्याच्या पायरीवर आपलं ताट मांडत नाही. सिंहस्थात मांडतात, तेव्हा काय होतं ते नाशिककरांना सांगायला नको.

उतरताना भाचा बराच वेळ गप्प होता. पायथ्याशी लिंबू सरबत घेतलं तेव्हा बोलला. कुठेतरी वाचलं होतं त्याने, की वैतरणाही याच डोंगररांगेत उगम पावते, आणि ती अरबी समुद्राला मिळते. गोदावरी मात्र १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला. म्हणजे माथ्यावर कुठेतरी अशी एक रेघ असणार, की तिच्या अलीकडे पडलेला थेंब पूर्वेला जाणार आणि पलीकडे पडलेला पश्चिमेला.

"ती रेघ कुठून जाते, मामा?"

पुढच्या पावसाळ्यात ती शोधायला जायचं ठरलंय. छत्री त्याने आणायची, डबा मी.